चार पेपर आणि गार झालेली कॉफी

तामरने आपल्याला 'अम्मो' म्हटलं नसतं तर पुढचं काहीच घडलं नसतं, असं हिकमतचं आजही ठाम मत आहे.

अम्मो म्हणजे काका. शब्दात वाईट काही नाही, उलट आदरच आहे, आणि अडचण तीच आहे. शिवी दिली तर माणूस भांडू शकतो; आदराविरुद्ध तक्रार कुठल्या खिडकीवर करणार? तामर एकोणतीस वर्षांचा, हिकमत त्रेचाळीसचा. दोघेही अम्मानमधल्या एका टाइल्सच्या कंपनीत, हिशेबखात्यात. तामरकडे लंडनच्या एका लेखापाल-संस्थेची सनद होती. हिकमतकडे त्याच सनदेचे तेरापैकी नऊ पेपर होते. नऊ पेपर भिंतीवर लावता येत नाहीत.

खात्याचे प्रमुख ऑगस्टमध्ये निवृत्त होणार होते आणि मालकांनी सगळ्यांसमोर सांगून टाकलं होतं, "ज्याची सनद भिंतीवर, त्याची खुर्ची केबिनमध्ये." त्याच दुपारी तामर हिकमतच्या टेबलाशी आला आणि फार मायेने म्हणाला, "अम्मो, मी केबिनमध्ये गेलो तरी तुमची खिडकीजवळची जागा मी कुणालाही देणार नाही हं. तुम्हाला ऊन लागतं."

हिकमतला ऊन लागत नव्हतं. म्हणजे कुणालाही लागतं तेवढंच लागत होतं. पण त्या वाक्यात त्याला स्वतःचं उरलेलं सगळं आयुष्य दिसलं: खिडकीजवळची खुर्ची, गुडघ्यावर पांघरूण, आणि केबिनमधून येणारी विचारपूस. घरी येऊन त्याने संस्थेची नियमावली काढली. सात वर्षांत सगळे पेपर सुटले नाहीत, तर जुने पास झालेले पेपर फ्रीजमधल्या दह्यासारखे मुदत संपून बाद होतात. त्याची सात वर्षं जूनमध्ये भरत होती. म्हणजे परीक्षा एकच उरली होती आणि पेपर चार. एका वेळी चारच पेपर देता येतात असाही नियम होता. संस्थेने हा नियम केला तो कोणी चार देईल या अपेक्षेने नव्हे. वेड्या माणसालाही कुठेतरी थांबवावं लागतं म्हणून.

शुक्रवारी सासरी मनसफच्या, म्हणजे दह्यात शिजवलेल्या मटणाच्या आणि भाताच्या, थाळ्याभोवती सगळे बसले असताना हिकमतने जाहीर केलं, "मी जूनमध्ये चारही पेपर एकदम देतोय."

भाताचे चार गोळे चार हातांत तसेच थांबले.

"एकदम म्हणजे?" सासऱ्यांनी विचारलं.

"एकाच आठवड्यात."

"लंडनवाले कोण आहेत? कुणाची मुलं?"

"हाज, ती संस्था आहे. तिला वडील नसतात."

"प्रत्येकाला वडील असतात," हाज फव्वाज म्हणाले. "पत्ता शोध. जाऊन येऊ."

"लंडनला?"

"लंडनमध्येही माणसं कॉफी पितात."

हाज फव्वाज कस्टममधून निवृत्त झाले होते, पण त्यांची माणसांना थांबवून ठेवायची सवय काही निवृत्त झाली नव्हती. त्यांचा एकाच गोष्टीवर विश्वास होता: जाहा. दहाबारा वजनदार म्हातारे खांद्यावर सोनेरी काठाचे झगे टाकून, ज्याच्याकडे काम अडलंय त्याच्या घरी जातात आणि ओळीने बसतात. यजमान कॉफी देतो. म्होरक्या कप घेतो आणि न पिता समोर ठेवतो. मग मागणी. यजमानाने 'कॉफी घ्या' म्हणेपर्यंत कुणी कपाला हात लावत नाही, आणि न प्यालेल्या कॉफीवरून पाहुण्यांना परत पाठवणाऱ्या यजमानाला गल्लीत मान वर करून चालता येत नाही. मुलगी मागायला जाहा जाते, भांडण मिटवायला जाते. हाजनी तर एकदा नगरपालिकेच्या इंजिनियरकडे जाहा नेऊन आपल्या दारासमोरचा गतिरोधक उखडून घेतला होता. पुढे तिथे दोन अपघात झाले. त्या दोन्हींच्या तडजोडीच्या जाहाही हाजनीच नेल्या.

हिकमतला या प्रकाराची मनापासून लाज वाटे. आपण आधुनिक माणूस आहोत, आपलं काम आपल्या अकलेवर होईल, असं तो मानत असे. ही समजूत त्याने दोन महिने टिकवली, ही काही थोडी गोष्ट नव्हे.

अभ्यासाला जागा हवी होती. घरात दोन खोल्या, त्यांत दोन मुली, आणि तिसरा दिवाणखाना. हा दिवाणखाना म्हणजे त्याच्या बायकोचा, रुदैनाचा, जीव की प्राण. सोनेरी पायांच्या आठ खुर्च्या, त्यांच्यावर प्लॅस्टिकची आवरणं, मखमली पडदे, काचेच्या भांड्यात अशी चॉकलेटं की जी घरातल्या कुणी खाल्लेली कुणालाच आठवत नव्हती. पाहुणे आल्याशिवाय त्या खोलीत कुणी बसत नसे. सतरा वर्षांच्या संसारात हिकमत तिथे जेमतेम एका महिन्याएवढा बसला असेल, तोही पाठ सरळ ठेवून.

"तीन महिने देते," रुदैना म्हणाली. "अकरा जूनला तुझा शेवटचा पेपर. बाराला मला दिवाणखाना होता तसा परत पाहिजे. भिंतीवर काही चिकटवायचं नाही."

हिकमतने भिंतीवर चार रंगांचं वेळापत्रक चिकटवलं. निळा पेपर, हिरवा पेपर, लाल पेपर आणि पिवळा पेपर. आखायला दोन दिवस लागले. काम इतकं सुबक झालं की त्याला अर्धा अभ्यास झाल्यासारखं वाटलं.

तिसऱ्या दिवशी वरच्या मजल्यावरच्या उम इयाद फळांच्या रसाची पेटी घेऊन हजर झाल्या. त्यांचंही चूक नव्हतं. दिवाणखान्याचे पडदे तीन दिवस सकाळपासून उघडे दिसले, तर इमारतीतल्या शहाण्या माणसाला दोनच गोष्टी सुचतात. रडण्याचा आवाज येत नव्हता, म्हणून त्यांनी आजार धरला.

"सलामत राहा, अबू सैफ. काय झालंय म्हणे?"

(हिकमतला सैफ नावाचा मुलगा नाही. शाळेत असतानाच मित्रांनी पुढे होणाऱ्या मुलाच्या नावाने हाक मारायला सुरुवात केली. मुली दोन झाल्या, हाक तशीच राहिली.)

"काही झालेलं नाही, उम इयाद. परीक्षा आहे."

"परीक्षाच असते बाबा ती. माझ्या नवऱ्याचंही असंच सुरू झालं होतं. आधी एकटं बसायचा."

"मी अभ्यास करतोय."

"करा, करा. मन रमतं," असं म्हणून त्या प्लॅस्टिकच्या आवरणावर ऐसपैस बसल्या. पाहुण्यांना दिवाणखान्यातच बसवायचं असतं, आणि दिवाणखान्यात हिकमत होता. हा पेच त्याच्या चार रंगी वेळापत्रकात धरलेला नव्हता.

आठवड्याभरात सगळी इमारत येऊन गेली, मग शेजारची इमारत, मग रुदैनाच्या मावशीकडची माणसं. रसाच्या चौदा पेट्या जमल्या. आपण आजारी नाही हे हिकमत प्रत्येकाला सांगे, आणि हे सांगताना तो इतका थकलेला दिसे की समोरचा हळहळून अर्धा तास आणखी बसे. खरी गोष्ट कळल्यावर तर गर्दी वाढलीच. आजाऱ्याला सल्ला द्यायला माणूस जरा कचरतो. विद्यार्थ्याच्या बाबतीत तसं काही बंधन नाही. कुणी म्हणे शेवटून वाच, कुणी म्हणे उभं राहून वाच. उम इयादनी झातर आणलं. वाळवलेल्या पाल्याची ती तीळ घातलेली पूड तेलात बुडवून उपाशीपोटी खाल्ली की स्मरणशक्ती वाढते, हे अम्मानमध्ये शाळेत न गेलेल्या माणसालाही ठाऊक असतं.

"एका पेपरला एक चमचा," त्या म्हणाल्या. "तुमचे चार आहेत."

महिनाभर रोज चार चमचे खाऊन हिकमतची स्मरणशक्ती वाढली की नाही सांगता येत नाही. छातीतली जळजळ मात्र तो अजून विसरलेला नाही.

घोटाळा झाला तो पिवळ्या पेपरात. हा पेपर आपल्या आवडीने निवडायचा होता: करांचा किंवा तपासणीचा. हिकमतने ही गोष्ट चुकून पाहुण्यांसमोर काढली. मग दिवाणखान्यात चार दिवस चर्चा चालली. उम इयाद करांच्या बाजूच्या होत्या, कारण त्यांचा भाऊ करखात्यात होता आणि त्याला काहीच येत नव्हतं, म्हणजे विषय सोपा असणार. हाज फव्वाज तपासणीचे, कारण ते जन्मभर तेच करत आले होते. शेवटी पाचव्या दिवशी, मुदत संपायला तासभर असताना, हिकमतने करांवर बोट ठेवून अर्ज पाठवला. दहा मिनिटांत हॉल तिकीट आलं.

सोमवारी निळा पेपर, अम्मान. बुधवारी हिरवा, अम्मान. गुरुवारी सकाळी नऊला लाल, अम्मान. गुरुवारी दुपारी दोनला पिवळा, इर्बिद.

हिकमतने ते तीनदा वाचलं. लाल पेपर सव्वाबाराला सुटत होता. इर्बिद नव्वद किलोमीटर, गर्दी धरून पावणेदोन तास. दीडला ओळख तपासून दार बंद.

"विमान आहे का रे इर्बिदला?" रुदैनाने विचारलं.

"नाही."

"मग तीन पेपर दे."

"तीन दिले तर तेराच्या तेरा गेले. सात वर्षं गेली. तामर केबिनमध्ये आणि मी उन्हात."

सात वर्षांपैकी निदान पाच वर्षं रुदैना मुलींना 'बाबा वाचतायत, हळू बोला' सांगत आली होती. तिने त्याच्या कोटाला इस्त्री केली आणि त्याला परीक्षा केंद्रावर पाठवलं.

केंद्रावर खिडकी क्रमांक दोनने त्याला खिडकी चारवर पाठवलं, चारने अर्ध्या दिनाराचा स्टँप आणायला रस्त्यापलीकडे पाठवलं, स्टँपवाला नमाजाला गेला होता, आणि तो येईपर्यंत चार नंबरची खिडकी जेवायला गेली. तीन दिवस असे गेल्यावर हिकमत केंद्रप्रमुखांसमोर उभा राहिला. सित्त इन्शिराह, म्हणजे इन्शिराहबाई. चष्मा नाकाच्या टोकावर, आवाज अगदी शांत. अशा शांत आवाजाच्या बाईसमोर माणूस आपणहून खरं बोलू लागतो.

"दुपारचा हॉल भरलाय," त्या म्हणाल्या.

"मॅडम, एक खुर्ची. कोपऱ्यात चालेल. दाराबाहेर चालेल."

"माझ्याकडे साठ खुर्च्या आहेत आणि साठ नावं आहेत. कुणी आपली जागा सोडली तरच."

"कोण सोडेल?"

"ते मला कसं कळणार? नावं मी देत नाही. तुम्ही अर्ज कधी केलात?"

"शेवटच्या दिवशी."

"का?"

हिकमतला खरं बोलावं लागलं. "शेजाऱ्यांचं एकमत होत नव्हतं."

सित्त इन्शिराह यांनी चष्म्यावरून त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

घरी हाज फव्वाज प्लॅस्टिकवर बसून वाटच बघत होते. सगळं ऐकून त्यांनी एकच प्रश्न विचारला. "बाईंचं लग्न झालंय?"

"हाज, मी जाहा नेणार नाही."

"तू नेणार नाहीसच. तू मान खाली घालून बसणार आहेस. ज्याचं काम असतं त्याने बोलायचं नसतं. नवऱ्याचं नाव काय?"

नवऱ्याचं नाव झुहैर होतं, हे उम इयादना माहीत होतं. कुणालाही कुठल्याही बाईच्या नवऱ्याचं नाव हवं असेल तर ते उम इयादना माहीत असतं. हिकमतने पुष्कळ विरोध केला. नियम, शिस्त, आधुनिक काळ, असे शब्द वापरले. मग त्याला खिडकीजवळची खुर्ची आठवली आणि तो कोटाची बटणं लावू लागला.

गुरुवारी संध्याकाळी बारा झगे झुहैरच्या दारात उभे राहिले. झुहैर पन्नाशीचा, गोल चेहऱ्याचा, सगळ्या जगाची माफी मागितल्यासारखं हसणारा गृहस्थ. जाहा येतेय एवढाच निरोप त्याला मिळाला होता. मागायला यावं अशी मुलगी त्याला नव्हती, गाडी त्याने कुणाला ठोकली नव्हती, भांडण करण्याइतकं तो कधी मोठ्याने बोललाच नव्हता. आपल्या हातून नकळत काय घडलंय हे आठवत त्याने दोन रात्री घालवल्या होत्या आणि रीतीप्रमाणे आपल्या बाजूचे चार भाऊ बोलावून ठेवले होते. भाऊही गंभीर होते. त्यांना तर त्याच्यावर पूर्वीपासूनच संशय होता.

कॉफी आली. हाज फव्वाजनी कप घेतला, समोर ठेवला आणि बोलायला सुरुवात केली. आधी देवाचं नाव, मग झुहैरच्या वडिलांची कीर्ती, मग आजोबांची. त्यांना यातलं कुणीच माहीत नव्हतं, पण कीर्ती सांगायला ओळख लागत नाही. पाव तासाने ते मुद्द्यावर आले.

"आमचा हा मुलगा," ते म्हणाले, "नऊ लढाया जिंकून दहावीच्या वेशीवर अडला आहे." हिकमतने मान आणखी खाली घातली. त्रेचाळीस वर्षांच्या माणसाला बारा म्हाताऱ्यांनी मध्ये बसवून मुलगा म्हणण्यापेक्षा तामरचं अम्मो बरं, असं त्याला पहिल्यांदाच वाटलं. "अकरा तारखेला दुपारी, अम्मानच्या हॉलमध्ये, त्याला एक खुर्ची हवी आहे. ती मिळेपर्यंत ही कॉफी आमच्यासाठी नाही."

झुहैरच्या जिवात जीव आला. मग त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी हळूहळू उगवू लागलं.

"अकरा तारखेला दुपारी?" त्याने विचारलं. "म्हणजे करांचा पेपर?"

"करांचाच."

झुहैर ताडकन उठला. छातीवर हात ठेवून म्हणाला, "कॉफी घ्या. खुर्ची दिली."

"कुणाची?"

"माझी."

झुहैरही हिशेबनीस होता, करांच्या त्याच पेपरला बसणार होता, हे कुणाला माहीत असण्याचं कारण नव्हतं. तो एका अनोळखी माणसासाठी स्वतःची जागा सोडतोय, हे पाहून एका म्हाताऱ्याने झग्याच्या काठाने डोळे पुसले. हाज फव्वाजनी आजवर चाळीस जाहा नेल्या होत्या; मागण्याआधी देणारे त्यांनी पाहिले होते, पण देताना इतका आनंदी झालेला यजमान त्यांनी पाहिला नव्हता. झुहैर एकेकाला मिठी मारत होता. कॉफीचा घोट घेतला गेला.

तेवढ्यात सित्त इन्शिराह दारात आल्या. चष्मा नाकाच्या टोकावर.

"माझ्या नवऱ्याने शब्द दिला?"

"सगळ्यांसमोर," हाज म्हणाले.

"मग तो मोडायचा नाही." त्या आत गेल्या आणि एक छापील कागद घेऊन आल्या. "हा आपसी बदलीचा अर्ज. दोन उमेदवारांनी सह्या केल्या की केंद्रं बदलतात. हे अम्मानला. आणि झुहैर, तू इर्बिदला."

झुहैरचं हसू होतं तिथेच राहिलं, फक्त त्यातला झुहैर निघून गेला.

"मला वाटलं, मी जागा सोडली की..."

"की पेपर सुटला? चार वेळा नापास झालास ते काय कमी होतं? दर वेळी तासाभरात हॉलमधून उठून समोरच्या कॅफेत जाऊन बसतोस. बायको असल्यामुळे तुझ्या हॉलमध्ये मला पाऊल टाकता येत नाही, म्हणून तुला वाटतं मला कळत नाही." मग त्या हाजकडे वळल्या. "यांना इर्बिदला कोण पोहोचवणार, हे तुम्ही बघा. तुमच्यासाठी जातायत."

"बारा जण पोहोचवू," हाज फव्वाज म्हणाले. त्यांच्या आवाजात इतका मान होता की झुहैरला बसावंच लागलं.

परीक्षेचा आठवडा आला. सोमवारी निम्मी इमारत हिकमतला केंद्राच्या फाटकापर्यंत सोडायला आली. बुधवारीही आली. दोन्ही दिवस आत शिरेपर्यंत कानावर सल्ले पडत होते, आणि आत शिरल्यावर पहिला अर्धा तास डोक्यात तेच घुमत होते. निळ्या पेपरात त्याने एका उत्तराच्या शेवटी चुकून 'उभं राहून वाच' असं लिहिलं आणि खोडलं.

गुरुवारी मात्र फाटकावर कुणीच नव्हतं.

सगळे इर्बिदच्या तयारीला लागले होते. सकाळी दहाला झुहैरच्या दारातून चार गाड्या निघाल्या. एका गाडीत उम इयादही, झातरच्या डब्यासह. चार गाड्या एकामागोमाग आणि हॉर्न वाजवत जाताना पाहिल्या की त्या देशात लोक एकच अर्थ लावतात. वाटेवरच्या पोलिसाने चौक मोकळा करून दिला, एका गावातल्या बायकांनी घराबाहेर येऊन जिभेने शुभशकुनाचा गजर केला. पहिल्या गाडीत मागच्या सीटवर दोन झग्यांच्या मधोमध झुहैर बसला होता. नवरदेव इतका वयस्कर आणि इतका उदास का, असा प्रश्न त्या बायकांना पडला असेल. पण नवरदेव उदास असणं ही काही नवी गोष्ट नव्हे.

जेराशजवळ झुहैर म्हणाला, "पोटात दुखतंय. इथे उतरतो."

"पोटावर हे घे," उम इयादनी पुढच्या सीटवरून चमचा मागे केला.

एक वाजता, दार बंद व्हायला अर्धा तास असताना, झुहैर इर्बिदच्या केंद्रात शिरला. पेपर सुरू होऊन तासाभराने सवयीप्रमाणे तो जागेवरून उठला आणि खिडकीतून खाली पाहिलं. फाटकाशी बारा झगे खुर्च्या टाकून बसले होते आणि हॉलच्या दाराकडे पाहत होते. इतक्या लोकांना तोंड दाखवण्यापेक्षा पेपर सोडवणं सोपं होतं. तो बसला आणि वेळ संपेपर्यंत लिहीत राहिला.

इकडे अम्मानमध्ये हिकमत लाल पेपर देऊन केंद्राच्या पायरीवर एकटा बसला. त्याने फलाफलचं सँडविच खाल्लं. ते कसं खावं, हे कुणी सांगितलं नाही. समोरच्या भिंतीवर एक मांजर झोपली होती. तिचीही काही सूचना नव्हती. दुपारी तो हॉलमध्ये झुहैरच्या खुर्चीवर बसला. साठ माणसं, पंखा आणि शांतता. तीन महिन्यांत पहिल्यांदाच हिकमतला स्वतःच्या डोक्यातला आवाज ऐकू आला, आणि आश्चर्य म्हणजे त्या आवाजाला करांबद्दल बरंच काही माहीत होतं. वेळ संपल्याची सूचना झाली तेव्हा त्याला बाहेर जावंसं वाटेना.

जुलैत निकाल आला. निळा पन्नास, हिरवा त्रेपन्न, लाल पन्नास. पास व्हायला पन्नास लागतात. म्हणजे हिकमतने लंडनवाल्यांचा एकही मार्क वाया घालवला नव्हता. पिवळा एकाहत्तर. रुदैनाने निकाल वाचला, तोंडाला पदर लावल्यासारखा ओढणीचा काठ लावला आणि मुलींना म्हणाली, "आता मोठ्याने बोला."

ऑगस्टमध्ये सनद भिंतीवर गेली. खात्यात आता सनदा दोन झाल्या, तेव्हा मालकांनी अनुभव पाहिला आणि हिकमत केबिनमध्ये गेला. पहिल्या दिवशी तामर दार वाजवून आत आला. हातात फुलं होती.

"मब्रूक," तो म्हणाला. आवाजात खरंच प्रेम होतं. "तुमच्यासाठी पडदा लावून घेतलाय, अम्मो. इथे ऊन जास्त येतं."

दिवाणखानाही रुदैनाला परत मिळाला होता. वेळापत्रक काढताना भिंतीचा कागद सोलून निघाला, तिथे आता फळांच्या टोपलीचं चित्र होतं. खुर्च्यांना नवी आवरणं, भांड्यात नवी चॉकलेटं. ती दिवसातून एकदा दार उघडून बघे आणि पुन्हा लावून घेई.

पुढच्याच आठवड्यात निरोप आला: शुक्रवारी जाहा येतेय. हिकमतकडे.

झुहैर आला, त्याचे चार भाऊ आले, आणखी सात जण आले. हिकमतच्या बाजूने हाज फव्वाज बसले. झुहैरच्या थोरल्या भावाने कप घेतला आणि समोर ठेवला. हिकमत त्या कपाकडे बघत राहिला. वाफ वर जात होती आणि हळूहळू विरळ होत होती. समोर झुहैर मान खाली घालून बसला होता, अगदी तो स्वतः बसला होता तसा. या माणसामुळे आपण केबिनमध्ये आहोत. याच्याकडून मागणी ऐकून घेणं म्हणजे त्याला लाजवणं.

"आधी कॉफी घ्या," तो म्हणाला. "जे मागाल ते दिलं."

हाज फव्वाजनी जावयाकडे अभिमानाने पाहिलं. बारा घोट घेतले गेले.

"देव तुमचं भलं करो," थोरला भाऊ म्हणाला. "झुहैरला इर्बिदला चौसष्ट मार्क पडले. इन्शिराहला वाटतंय, त्याला सगळं येतं. तिने त्याला उरलेल्या चार पेपरांना डिसेंबरमध्ये एकदम बसवलंय. घरी तो अभ्यास करत नाही. खिडकीतून कॅफे दिसतं." त्याने मखमली पडद्यांवरून, सोनेरी पायांवरून, फळांच्या टोपलीच्या चित्रावरून नजर फिरवली. "तुम्हाला ही खोली लाभली. डिसेंबरपर्यंत त्याला इथे बसू द्या."

झुहैरने मान वर करून हिकमतकडे पाहिलं. त्या नजरेत 'नाही म्हण' अशी कळकळीची विनंती होती. पण कप रिकामा होता.

हिकमतने दाराकडे पाहिलं. दारामागे भांड्यांचा आवाज चालू होता, तो थांबला. ती शांतता परीक्षेच्या हॉलमधल्या शांततेसारखी नव्हती. सतरा वर्षांच्या संसाराने त्याला एवढं नक्की शिकवलं होतं.

हाज फव्वाज त्याच्या कानाशी वाकले.

"घाबरू नकोस," ते म्हणाले आणि खांद्यावरचा झगा सारखा केला. "माझीच मुलगी आहे. स्वयंपाकघरापर्यंतच जायचंय, आणि माणसं जमलेलीच आहेत."